सहाशे चारला ऐकू जाईल

राग आला की माझा आवाज चढतो. आमच्या बेटावर कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि तीच सवय घरात. सासूबाई आणि मी भाजीतल्या मिठावरून बोलायला लागलो की परक्याला वाटायचं, आता या एकमेकींच्या झिंज्या उपटणार. ग्वांग्जू शहरात आल्यावर मला पहिलं काय शिकावं लागलं असेल, तर कुजबुजायला.

दोदामच्या बाबांना शहर-बसवर नोकरी लागली म्हणून जुलैत आम्ही इथे आलो. एकशे तीन नंबरची इमारत, सातवा मजला, घर सातशे चार. दोदाम माझी लेक, पाच वर्षांची. बेटावर ही पोरगी चालली अशी मला आठवतच नाही, ती धावायचीच. भरती ओसरली की चिखलात खेकड्यांमागे, घरी कोंबड्यांमागे आणि कुणीच नसलं तर उगाच.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे मी तांदळाचा केक उकडला, वर लाल चवळीचा जाड थर दिला आणि ताटल्या घेऊन शेजारी वाटायला निघाले. अर्धी दारं उघडलीच नाहीत. भिंतीतल्या बोलायच्या डबीतून आवाज यायचा, "कोण?"

"नवीन राहायला आलोय. केक आणलाय."

"दाराला अडकवून जा."

दाराला अडकवून! अगं बाई, मी काय जाहिराती वाटत फिरतेय? लिफ्टमध्येही तेच. चार माणसं उभी आणि चौघंही दिव्यात बदलणाऱ्या आकड्यांकडे बघतायत, जणू देवच दिसणार आहे तिथे. मी "जेवलात का?" विचारलं तर एक बाई दचकलीच.

दार उघडलं ते फक्त आमच्या खालच्या घरानं, सहाशे चारनं. पन्नाशीची, नीटनेटकी बाई. दोन्ही हातांनी ताटली घेतली, मान लववली. मला बरं वाटलं, म्हटलं माणसं आहेत तर! तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न काय, तर, "घरात लहान मूल आहे का?"

"आहे की! पाच वर्षांची."

"अस्सं," ती म्हणाली आणि दार लागलं.

त्याच संध्याकाळी भिंतीतली डबी वाजली. खालचे पहारेकरी, गुककाका. म्हातारा चांगला माणूस.

"सातशे चार, पोरीला जरा आवरा. खालून फोन आलाय. धावतेय म्हणे."

"अहो काका, पोर धावणार नाही तर काय मी धावू?"

"मीही तेच म्हणतो हो. पण मला इथे बसून दोन्हीकडचं ऐकावं लागतं."

मग रोजच सुरू झालं. जेवताना फोन, आंघोळ घालताना फोन. आम्ही पलंगापासून न्हाणीपर्यंत बोटभर जाडीच्या फोमच्या गाद्या अंथरल्या. तरी फोन. एकदा दाराला पिशवी अडकवलेली, आत जाड तळव्याच्या तीन सपाता, दोन मोठ्या, एक छोटी. सोबत चिठ्ठी, सुरेख अक्षरात: "घरात वापराव्यात ही विनंती." भेट म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोदामचे बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. मुलगा तिसऱ्यांदा कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेला बसतोय त्यांचा."

ते मलाही कळत होतं. त्या परीक्षेपायी या देशात विमानंसुद्धा खोळंबतात, तिथे माझ्या पोरीची काय कथा! पण म्हणून रोज? पुढच्या आठवड्यात छतातल्या भोंग्यातून सगळ्या इमारतीला सूचना झाली: "काही घरांतली मुलं धावत असल्याची तक्रार आहे. पालकांनी लक्ष द्यावं." काही घरं! नाव तेवढं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या चौघांनी आकडे सोडून माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगते. राग त्या बाईवर होता, निघाला पोरीवर. "दोदाम, हळू! दोदाम, टाचा उचल! सहाशे चारला ऐकू जाईल!" दिवसातून पन्नास वेळा. एकदा ती बाबांच्या चावीचा आवाज ऐकून दाराकडे धावली, तेव्हा पोटरीवर फटका दिला मी. जोरात दिला. बोटं उठली. ती रडली, पण तोंडावर हात ठेवून रडली.

रात्री तिनं विचारलं, "आई, सहाशे चार झोपत नाही का?"

"झोपतं. तूही झोप."

सप्टेंबरपर्यंत आमचं घर अगदी शांत झालं. डबी वाजायची ती आठवड्यातून एकदा. मी मनात म्हटलं, शिकली पोरगी. चक्क अभिमान वाटला मला. आग लागो त्या अभिमानाला.

छुसॉकचा सण आला. पितरांच्या पानासाठी आम्ही तीन दिवस बेटावर गेलो. सकाळी मी आणि सासूबाई अंगणात पाटावर बसून सणाच्या करंज्या वळत होतो. दोदाम कोंबड्यांना दाणे टाकत होती. सासूबाईंचे हात थांबले.

"हिच्या पायात काटा गेलाय का गं?"

मी मान वर केली. दोदाम चवड्यांवर चालत होती. मातीच्या अंगणात, जिथे खाली कुणी राहत नाही, तिथे टाचा उचलून, हात अंगाशी धरून. कोंबडा तिच्या पुढून पळाला तरी ही मागे धावली नाही.

"दोदाम, धाव की! पकड त्याला!" मी ओरडले.

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काय केलंत गं तुम्ही पोरीचं?" आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. गुककाका.

"सातशे चार, सणाचं त्रास देतोय, माफ करा. डबी वाजवली, कुणी घेत नाही. खालच्या बाई म्हणतायत, सकाळपासून पोरगी नुसती धावतेय."

"काका," मी म्हटलं, "आम्ही परवापासून बेटावर आहोत. घराला कुलूप आहे."

मग काका म्हणाले, "म्हणजे... आधीचंही?"

आधीचंही! करून गेला गाव आणि भलत्याचं नाव. सगळंच तसं असेल असं मी म्हणत नाही, पहिले काही दिवस ती धावलीच होती. पण गाद्या टाकल्यावर? सपाता घातल्यावर? तो फटका मी कुणाच्या पायांसाठी दिला?

परत आलो ते मी थेट सहाव्या मजल्यावर उतरले. दोदामचे बाबा म्हणाले, "उद्या बोल, शांतपणे." मी म्हटलं, "तुम्ही सामान घेऊन वर जा. तीन महिने शांतपणेच बोलतेय मी." दोदामचा हात माझ्या हातात होता.

बाईंनी दार उघडलं आणि पहिलं बोट ओठांवर. "जरा हळू, आत मुलगा अभ्यास..."

"सणाच्या सकाळी कोण धावत होतं हो?" मी माझ्या बेटावरच्या आवाजात विचारलं. "आमच्या घराला कुलूप असताना?"

त्यांचा चेहरा उतरला. "पहारेकऱ्यांनी सांगितलं मला. आवाज वरूनच येत होता हो, शपथ. मला वाटलं..."

"वरून! आमच्या वर आणखी आठ मजले आहेत! एकाला तरी विचारलंत? दिसलं लहान मूल, की झालं! मूल आहे का, हेच विचारलं होतंत ना पहिल्या दिवशी? केक खाता खाताच ठरवलंत?"

"माझी चूक झाली असेल..."

"असेल?" माझा आवाज जिन्यात घुमला. समोरचं दार किलकिलं झालं. झालं तर झालं. "माझी पोरगी मातीवर टाचा टेकत नाही हो आता! मारलंय मी तिला तुमच्यापायी. माझ्या या हातानं!"

तेवढ्यात तो हात कुणीतरी ओढला. दोदाम. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती आधी त्या बाईकडे बघून अदबीनं वाकली, मी शिकवलं होतं तशी, आणि मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली. पण जिना इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, हळू बोल ना. सहाशे चारला ऐकू जाईल."

बाईंनी दाराची कड धरली. आपल्याच दारावरच्या आकड्याकडे बघितलं आणि उंबऱ्यात खाली बसल्या, पोरीच्या उंचीला. "बाळा, ऐकू गेलं तरी चालेल. तू धाव. खुशाल धाव हं."

दोदामनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनंही हलवली, मोठ्या माणसांना बरं वाटावं म्हणून हलवतात तशी.

मला आणखी खूप बोलायचं होतं. तीन महिन्यांचं साठलं होतं. पण मी वळले आणि जिन्यानं वर निघाले, एकेक पायरी मुद्दाम दाणदाण आपटत, तिलाही जोर यावा म्हणून. "अशी आपट, दोदाम! अशी!"

मागून काहीच आवाज येईना. वळून बघितलं. दोदाम येत होती माझ्या मागोमाग, भिंतीला धरून, चवड्यांवर. बूट तिनं काढून हातात घेतले होते.