माझ्या कडेवरची बावीस रबरं

मित्रांनो, मी एक जुनी निळी होडी आहे. गावातले काहीजण मला होडी म्हणत नाहीत, पिंपच म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. सध्या मी धरणाच्या काठावर करंजाच्या झाडाखाली उपडी पडलेली असते. येणारे-जाणारे माझ्या पाठीवर टेकतात, तंबाखू मळतात, बिडी ओढतात आणि निघून जातात. आपली गोष्ट सांगायला बसलं की प्रत्येकजण आधी आपलं कौतुक सांगतो. मीही थोडं सांगणार आहे, कारण त्या कौतुकानेच माझा घात केला. पण माझी गोष्ट अभिमानाची नाही, लाजेची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म १९९७ साली झाला. त्याआधी मी दोन निळी पिंपं होते आणि वाशिंदच्या एका कारखान्यात माझ्यात पातळ साबण भरून यायचा. त्या कारखान्यात शेखर नावाचा फिटर होता. त्याचं घर किन्हवलीहून आत, या धरणाच्या काठच्या गावात. सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणं हा त्याचा एकच षोक. साहेबांच्या खोलीत एक परदेशी कॅलेंडर लटकत असे. त्यातल्या एका पानावर लांबट, अरुंद होडीत एकटा माणूस बसलेला होता. त्याच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं होतं आणि पाठीमागे गळाच्या काठ्या उभ्या खोचलेल्या होत्या. खाली नाव लिहिलं होतं, कयाक. महिना संपला तरी शेखरने ते पान उलटू दिलं नाही, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

त्याने दोन पिंपं भंगारातून घेतली, टेम्पोत टाकून गावी आणली आणि अंगणात कामाला लागला. पिंपांची वरची बाजू कापली, बुडं उडवून टोकाला टोक लावलं, रिबिटा मारल्या, सांध्यात डांबर ओतलं. पुढचं तोंड शेगडीवर तापवून तापवून निमुळतं केलं. पहिल्याच दिवशी मला पाण्यात लोटलं, तर माझ्या अंगातून साबणाचा फेस निघाला. काठावरची पोरं पोट धरधरून हसली. शेखर मात्र फेसात उभा राहून मला पोरीसारखी न्हाऊ घालत होता.

मग दर रविवारी माझ्या अंगावर काहीतरी नवं चढू लागलं. मी डुगडुगते म्हणून दोन्ही बाजूंना, झाकणं लावून बंद केलेले पाण्याचे जाड पाइप आले. पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची आली. गळाच्या काठ्या खोचायला पाइपाचे तुकडे आले आणि मासे ठेवायला थर्माकोलचा डबा आला. वल्हं बांबूचं, त्याची पाती माझ्याच उरलेल्या प्लास्टिकची. लोक बघायला येऊ लागले. धसईच्या बाजारात कुणीतरी माझी गोष्ट सांगितली म्हणून दोघे तिघे तिकडून मुद्दाम एसटीने आले. मी फुगले. आता कबूल करते, मी फार फुगले.

एकच खोट राहिली होती. वल्हं मारताना बांबू माझ्या कडेवर आपटायचा आणि रिकाम्या पिंपाचा आवाज पाणीभर जायचा. काठालगत गवतात दबून बसलेली मरळ तेवढ्याने पळायची. शेखरने कडेला गोणपाट गुंडाळलं, ते भिजून जड झालं. सायकलची ट्यूब लावली, ती निसटली. थर्माकोलच्या साध्या फळीवर बसून फिरणारेही शेखरपेक्षा जास्त मासे नेत, आणि वर विचारत, "काय रे शेखर, आज वाजवलंस किती?" मला ते लागायचं. मला गप्प व्हायचं होतं. तुम्हांला हसू येईल, पण रात्रंदिवस माझ्या मनात तेवढं एकच होतं.

आता सकुबाईबद्दल सांगते. ती शेखरची चुलती, विधवा. भाताची खाचरं दोन, त्यावर वर्ष निघत नसे. बाकीचं पोट तिच्या जाळ्यावर. जाळं तिने स्वतः विणलेलं होतं आणि ते पाण्यात उभं राहावं म्हणून वरच्या दोरीला जुन्या स्लिपरांची कापलेली रबरं बांधलेली होती. इथे सगळेच तसं करतात. पण बाकीचे रबराला एक भोक पाडतात, सकुबाई दोन पाडायची. एका भोकातून दोरी घालायची, दुसऱ्यातून परत आणायची. तिची गाठ कधी सुटली नाही. जाळं दुरून बघूनसुद्धा लोक सांगत, हे सकूचं.

या गावांत एक रीत आहे. जंगलात कुणी लाकडं गोळा करून ठेवली, पळसाची पानं ठेवली, काठावर जाळं वाळत टाकलं आणि वर एक दगड ठेवला, तर ती वस्तू धनी असलेली वस्तू. चार दिवस पडो, महिना पडो, तिला कुणी हात लावत नाही. कुलूप ज्या घरांना नाही त्या घरांच्या माणसांनी ही रीत पाळली आहे.

९९च्या माघात सकुबाई लेकीच्या बाळंतपणाला धसईला गेली. जाताना पलीकडच्या खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्याशी तिने जाळं वाळत घातलं, घडी केली, वर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. शेखर मला घेऊन तिथे आला. त्याने जाळं पाहिलं. जाळ्यावरचा दगडही पाहिला. मी तिथेच होते, म्हणून सांगते. तो दगडाकडे बराच वेळ बघत उभा होता.

मग तो मोठ्याने म्हणाला, "कुणाचं तरी टाकलेलं दिसतंय."

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तो ते कुणाला सांगत होता? मला वाटतं, मलाच. आणि मी मनातल्या मनात हो म्हटलं. त्याने दगड उचलून बाजूला ठेवला, विळ्याने रबरं कापून घेतली आणि उरलेलं जाळं पायाने पाण्यात सारलं. खालच्या शिशाच्या वजनांनी ते सरळ तळाला गेलं. वर तरंगायला काही उरलंच नव्हतं.

बावीस रबरं माझ्या कडेवर अगदी बेतून घेतल्यासारखी बसली. भोकं आयती होती, प्रत्येकात दोन दोन रिबिटा. दुपारी शेखरने त्यावर काळा रंग मारला. संध्याकाळी आम्ही पाण्यावर गेलो तेव्हा बांबू कडेला टेकत होता आणि आवाज होत नव्हता. त्या दिवशी दोन मरळी मिळाल्या. मला वाईट वाटलं असं मी सांगितलं तर खोटं होईल. मला आनंद झाला होता.

सकुबाई परतली, तिने काठ पालथा घातला. दगड ठेवलेली वस्तू गेली असं गावात कुणी ऐकलं नव्हतं. मग गावात कुणीतरी म्हणालं, त्या दिवसांत डोंगरावरच्या वाडीतला बुधू त्या बाजूला खेकडे धरताना दिसला होता. बुधूकडे ना शेत ना नोकरी. खेकडे, मासे, करवंदं विकून तो जगायचा. शेखरला मरळ कुठे बसते हे शिकवलं तेही त्यानेच. पण संशयाला पायवाट लागते ती गरिबाच्या दाराकडचीच.

रविवारी सगळे काठावर जमले. मी उपडी होते. गावातला वडीलधारा धाकलूबाबा माझ्या पाठीवर बसला, आणि बुधूला समोर उभं केलं. माझी कड जमिनीला टेकलेली होती. म्हणजे ज्याच्यासाठी सगळे जमले होते ते धाकलूबाबाच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतं.

"बुधू, खरं काय ते सांग," धाकलूबाबा म्हणाला.

"बाबा, मी खेकडे धराया गेलतो. जालं बघलंबी. पण वर दगड होता. दगडाला हात नाय लावला मी."

"मग कोनी लावला?"

"ते मला नाय ठाव."

सकुबाई रडत म्हणाली, "अरे, नेलंस तर नेलंस. परत दे. मी काय नाय बोलणार."

"काकी, नेलं असतं तर दिलं असतं गो."

धाकलूबाबाने शेखरला विचारलं, "तू पण पाण्यावर असतोस. तुला काय दिसलं?"

शेखर म्हणाला, "मी त्या बाजूला गेलोच नाय."

मित्रांनो, मी लाकडाची असते तर त्या क्षणी तडकले असते. पण प्लास्टिक आपणहून तडकत नाही, ते नुसतं पडून राहतं. धाकलूबाबाने बुधूला सांगितलं, उद्यापासून या काठाला यायचं नाही. बुधूने कुणाशी वाद घातला नाही. तो गेला, आणि जाताना खेकड्यांची टोपली तिथेच विसरला. ती नेऊन द्यायलाही कुणी उठलं नाही.

शेखरने दुसऱ्या दिवशी पकड आणली आणि रबरं उपटायला बसला. दोन रिबिटा हलल्या, तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली. त्याने मला पटकन उपडी केली. पुन्हा त्याने पकड आणली नाही. माणसाला एकदा उपडं ठेवायची सवय लागली की लागली. सकुबाई भेंडीच्या मळ्यावर रोजाने जाऊ लागली. भेंडीच्या लवीने तिचे हात खाजायचे, ती पाण्यावर येऊन हात बुडवून बसायची, कधी कधी माझ्याच शेजारी.

दोन वर्षं अशी गेली. मग २००१च्या वैशाखात पाणी खूप खाली गेलं होतं. धरणात बुडालेल्या एका जुन्या सागाच्या खोडावर मी आदळले आणि माझं बूड चिरलं. शेखरने खुर्ची काढून पाणी उपसलं, कसाबसा पलीकडच्या काठाला लागला. तो काठ डोंगरवाडीचा. ओरडा ऐकून जो माणूस धावत खाली आला तो बुधू होता.

त्याने शेखरला हाताने ओढून वर घेतलं. मला बाहेर खेचलं, उताणी केली, उन्हात सुकवली. घरून राळ आणली, निखाऱ्यावर वितळवली आणि चीर भरायला बसला. इतक्या मायेने माझ्या जखमेवर कुणी हात फिरवला नव्हता. चीर बुडापासून वर चढत कडेपर्यंत गेली होती. राळ लावता लावता त्याचा अंगठा रबरावर थांबला. त्याने नखाने काळा रंग खरवडला. खाली पांढरं-निळं स्लिपरचं रबर निघालं, त्यात दोन भोकं, भोकांत रिबिटा. त्याने पुढचं खरवडलं. तिथेही दोन.

"ही सकुबायची रबरं," तो हळू म्हणाला.

शेखरने मान खाली घातली. बुधू पुन्हा राळ लावू लागला. काम अर्धं टाकून उठणाऱ्यातला तो नव्हता. चीर पुरी भरून झाली, हात पुसले, तेव्हा तो बोलला.

"मी जाऊन सांगलं तर म्हणतील, बुधूनंच बसवलीन. तू सांग."

"सांगतो. आजच काकीच्या पाया पडतो."

"काकीला सांग नायतर नको सांगू. मला चारचौघांत इचारलंत ना? मग चारचौघांतच सांग. माझी पोरगी तवा माझ्या मागं उभी होती, शेखरदादा. तिनं ऐकलाय."

शेखर "व्हय" म्हणाला आणि मला घेऊन परतला. तो त्याच संध्याकाळी सकुबाईकडे गेला, हेही खरं. ती पाण्यावर हात बुडवून बसली होती तिथेच, माझ्यासमोर, त्याने सगळं सांगितलं आणि तिचे पाय धरले. सकुबाईने पाण्यातले हात काढून पदराला पुसले. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं ते झालं. तुला कळलं, मला कळलं. आता गावभर कशाला? घराचं नाव जाईल रे."

"पण काकी, बुधू..."

"बुधूला मी येता-जाता भाजी देईन."

पुढच्या रविवारी शेखरने तिला नवं नायलॉनचं जाळं आणून दिलं. चुलती-पुतण्याचं मिटलं. शेखरचा जीव हलका झाला, सकुबाईचं पोट पुन्हा पाण्यावर चालू लागलं. ज्याचं काहीच चुकलं नव्हतं त्याला मात्र भाजी मिळाली. तीही त्याने घेतली नाही.

आज २००९ साल आहे. शेखरने वाशिंदला स्टेशनजवळ घर घेतलं, तो आता सणाला येतो. करंजाखाली मला त्यानेच उपडी करून ठेवली. धाकलूबाबा गेला. सकुबाई थकली आहे, तरी जाळं टाकते. बुधू अजून या काठाला येत नाही. समोरच्या काठाने तो डोक्यावर मोळी घेऊन जातो, आणि आता त्याच्यासोबत त्याची पोरगी असते, ती केवढी तरी मोठी झाली आहे. इकडची पोरं तिला बघून हाक मारतात, "ए जाळंचोराची." मी ते ऐकते. ही हाक मारणाऱ्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी सांगतात, मला रंग द्या, मला सावलीत ठेवा, माझी निगा राखा. माझं तसं काही मागणं नाही. कुणी निगा राखावी अशी माझी लायकी नाही. फक्त तुम्ही कधी या काठाला आलात, माझ्या पाठीवर बसून समोरच्या पोरीला हाक मारावीशी वाटली, तर आधी उठा. चार जणांना बोलवा. चारच पुरे. दोघांनी पुढून धरा, दोघांनी मागून, आणि मला सुलटी करून माझ्या कडेकडे बघा.