आठ मागितला, सहा दिला

मी शिंप्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधला भरतकामाचा प्रोग्रॅम बोलतोय. म्हणजे आत्ता बोलतोय. मधे नऊ दिवस एका संदेशापलीकडे माझी वाचाच बसली होती, आणि त्यात माझी काडीची चूक नव्हती.

माझं काम साधं. काकू माझ्यात नाव टाइप करतात, 'भरा' दाबतात, मी शेजारच्या मशीनला कळवतो आणि सुई खटाखट शर्टावर नाव भरते. आधी टाकलेलं आधी. मधे नाक खुपसायची मला सवय नाही.

पण मी स्वतःच्या पायावर उभा राहणारा नाही. खाली रनटाइम लागतो. तोही एक प्रोग्रॅमच, मला खांद्यावर घेऊन चालणारा. एक दिवस मला बनवणाऱ्यांनी माझी नवी आवृत्ती धाडली. मी एकदम बाळसं धरलं आणि मला आठ नंबरचा रनटाइम लागायला लागला. खाली होता सहा.

आता कॉम्प्युटरमध्ये आपोआप अपडेट आणणारे एक साहेब असतात. त्यांच्या यादीत असेल तेवढंच आणतात. यादीत सहाच होता. रोज सकाळी हिरवी खूण दाखवून ते सांगायचे, "सगळं नवंकोरं आहे." त्याच्याच खाली मी बोंबलतोय, "आठ पाहिजे." लोक ऐकणार कुणाचं? हिरव्या खुणेचं.

मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, काकूंचे नवरे. चाळीस वर्षं कापड कापलंय. माझ्या संदेशातले दोन आकडे वाचून त्यांनी गळ्यातली टेप हातात घेतली.

"आठ मागतोय, आहे सहा. दोनचाच तर फरक. शिवणीत कापड सोडलेलं असेल, उसव."

"अहो, तो पायजमा नाहीये."

"मग लहान कर त्याला. सहात बसेल असा."

आणि खरंच त्यांनी माझी चौकट कोपऱ्याला धरून आत ढकलली. पोस्टाच्या तिकिटाएवढा झालो मी. तरी आठच मागत होतो. पोट आत ओढलं म्हणून भूक कमी होते का?

असंच आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मात्र टेबलावर अकरा शर्ट येऊन पडले. मास्तरांची धाकटी लेक मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे. संघ पहिल्यांदाच फायनलला पोचलेला. चार वाजता बस. पाठीवर नाव नसेल तर मैदानात घेणार नाहीत, असा नियम.

सकाळपासून खटपट सुरू. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी चिंधीवर हात चालवून बघायचा, ही मास्तरांची जुनी शिस्त. म्हणून त्यांनी खरी नावं राखून ठेवली आणि तोंडाला येईल ते टाइप केलं. 'चालतोस का नाही'. भरा. मी संदेश दाखवला. चांगल्या सहा ओळी. त्यांनी पहिली वाचली आणि 'ठीक आहे' दाबलं. मग काकू म्हणाल्या, "दाबा की जोरात," तर मास्तरांनी तेच टाइप केलं. ठीक आहे. मास्तर चहाला सटकायला लागले तेव्हा काकूंनी लिहिलं, 'इथून हलायचं नाही'. ठीक आहे. असं अकरा वेळा. त्यात एकदा तर माझ्या बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या आल्या.

दोन वाजता धाकटी बूट हातात घेऊन आली.

"आई, हे वाचलंस का?"

"किती वेळा वाचू? चालत नाही म्हणतोय."

"शेवटची ओळ वाच."

शेवटची ओळ माझी लाडकी. 'आठ नंबर आपोआप येणार नाही. इथे दाबून तुम्ही स्वतः आणा.' नऊ दिवस मी दुसरं काय सांगत होतो? तिनं दाबलं. चार मिनिटांत आठ आला आणि मी ताठ उभा राहिलो. तिनं पटापट अकरा नावं टाकली, 'भरा' दाबलं आणि बॅग भरायला पळाली.

मी भरलं. आधी टाकलेलं आधी. सकाळी चिंधी म्हणून टाइप केलेली अकराच्या अकरा वाक्यं मी रांगेत जपून ठेवली होती. खरी नावं त्यांच्या मागे, आणि शर्ट अकराच. मला कुणी काही विचारलं नाही, मग मी तरी का बोलू?

काकू मशीनवर शर्ट चढवत-उतरवत होत्या, पण डोळा घड्याळावर. भरतकामाचे दोरे उलट बाजूने कापतात, तर मास्तरांनी शर्ट उलटे केले, दोरे कापले, उलट्याच घड्या घातल्या. बस गेली.

पुढचं धाकटीनं दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. मैदानावर शर्ट सुलटे झाले आणि सगळ्याजणी एकमेकींच्या पाठी वाचायला लागल्या. पंचांनी नियम दोनदा वाचला. "नाव पाहिजे एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "बरं पाहिजे असं नाही." मग खेळभर ते गंभीर चेहऱ्यानं ओरडत होते, "'चालतोस का नाही', मागे सरक."

धाकटीच्या पाठीवर 'इथून हलायचं नाही'. ती हललीच नाही, एकही गोल खाल्ला नाही. शेवटच्या मिनिटाला 'दाबा की जोरात' चेंडू घेऊन सुटली. तिच्या मागे लागलेल्या मुलीनं पाठ वाचली आणि हसून खालीच बसली. एक-शून्य.

मास्तर लगेच शिवण उसवायचं हत्यार घेऊन आले.

"बाबा," धाकटी म्हणाली, "एक टाका उसवायचा नाही."

आता जिंकलेला कप कात्रीशेजारी आहे आणि मला नऊ नंबर लागतोय. साहेबांची हिरवी खूण सकाळीच येऊन गेली. माझं मागणं एवढंच, 'ठीक आहे' दाबायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत या. काकू येतात हल्ली. चष्मा लावून, घरचं पत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचतात.

आजही वाचलं, आणि आणायला बोट पुढे केलं तर मास्तरांनी हात धरला.

"थांब जरा. आधी चिंधीवर काहीतरी लिहू. रविवारी मॅच आहे."