थोरलीचा लॅपटॉप

"मोनिका हाय का घरात?"

राधाकृष्णतात्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, तेव्हा रेश्मा त्यांच्या समोरच बसली होती. ओसरीवर टेबल मांडलेलं, टेबलावर लॅपटॉप उघडा, नाकावर चष्मा.

"काय काम हुतं तात्या?"

"नातीचा फारम भरायचा. स्कॉलरशिपचा."

"मग द्या की कागद. मी भरते."

तात्यांनी हातातली पिशवी पोटाशी धरली. "नको, तुला कशाला तरास. मोनिकाचा हात लई झपझप चालतो."

"लॅपटॉप माझा हाय तात्या."

"व्हय व्हय, तुजाच." तात्यांनी पुन्हा चप्पल पायात घातली. "सांजच्याला येतो मग."

ते फाटकाबाहेर गेले तरी रेश्मा त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. तुजाच म्हणे! रडणाऱ्या पोराच्या हातात बत्तासा ठेवावा, तसं म्हणून गेले.

श्रीगोंद्यापासून चार कोसांवरच्या त्या गावात वीस वर्षं रेश्मानं बायकांची ब्लाउजं शिवली. दहावीला गणितात गेली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन भीमाच्या घरी आली. त्यानंतर हातात आली ती कात्री. एकदा ती पोरीच्या अकरावीच्या फॉर्मसाठी श्रीगोंद्याला गेली होती. दुकानात कॉम्प्युटरपुढं तिच्याच वयाची एक बाई बसलेली. पुढ्यात दहा-बारा माणसं हातात कागद घेऊन उभी, त्यात एक फेटेवाला पाटीलही. "मॅडम, तेवढं माझं बघा की," तो म्हणत होता. मॅडम मान वर न करता म्हणाली, "नंबरानं या." ते दोन शब्द रेश्माच्या डोक्यातून गेलेच नाहीत. अडतिसाव्या वर्षी तिनं पोरांच्या मांडीला मांडी लावून तीन महिन्यांचा कोर्स केला, दोन लग्नसराया मान मोडून मशीन चालवलं आणि नगरला जाऊन दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप घरी आणला.

स्वस्तातली वस्तू स्वस्तातल्यासारखीच होती. झाकण दाबलं की लवायचं. पडदा समोरून बरा दिसायचा. पण जरा बाजूला सरकलं की रंग उडालेल्या साडीसारखा फिका. कॅमेऱ्यात गोरं माणूससुद्धा कावीळ झाल्यागत यायचं. चालू करून चहा टाकावा, तर चहा उतू जायचा तरी ह्याचं आपलं गोल गोल फिरणं सुरूच. पण रेश्माला त्याचं भारी कौतुक. तिनं त्याला कापूस भरून, वर टिपा मारून खोळ शिवली, कडेला लाल पायपीन लावली. रोज सकाळी अस्तराच्या मऊ तुकड्यानं ती त्याला पुसायची. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, वाटणीत आलेला नाही, असा घरात हा एकच जिन्नस होता.

दोनच महिने. मग धाकट्या दिराचं, ओंकारचं लग्न झालं आणि मोनिका घरात आली. नगरच्या कॉलेजात बीएस्सी झालेली.

पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. नुसता पडद्याचा उजेड कमी केला. "असं केलं की डोळ्यांना त्रास होत नाही ताई." दुसऱ्या दिवशी आतलं नको ते काढून टाकलं, आणि चहा उकळायच्या आत लॅपटॉप चालू व्हायला लागला. रेश्माला ते फार लागलं. माणसं फितूर होतात हे तिला ठाऊक होतं, पण हे यंत्रसुद्धा? महिन्याभरात गावातली माणसं मोनिकाला विचारत यायला लागली. सासू गोजरबाई तर शेजारणीला सरळ सांगायची, "आमच्या धाकलीचा कंपुटर हाय नव्हं, त्यात समदं निघतं."

मोनिका वाईट असती तर एक वेळ बरं झालं असतं. पण ती दर वेळी विचारायची, "ताई, घेऊ का जरा?" आणि रेश्माला दर वेळी "घे की" म्हणावं लागायचं.

त्या बुधवारी न्हाणीघराकडं जाताना रेश्माला धाकट्यांच्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं. मोनिका ओंकारला सांगत होती, "लिपिकाची भरती निघालीय. फॉर्म अर्धा झालाय, शुक्रवार शेवटचा आहे. शुक्रवारी दुपारी ताईंकडून लॅपटॉप घेते आणि संपवते."

रेश्मा जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे आता कचेरीत बसणार. खुर्चीवर. लोक हातात कागद घेऊन पुढं उभे राहणार.

शुक्रवारी सकाळी तिनं लॅपटॉप खोळीत घातला, खोळ पिशवीत घातली आणि सासूला म्हणाली, "आत्या, दोन दिस म्हायेराला जाऊन येते."

मोनिका पाणी भरत होती. पिशवीतून डोकावणारी लाल पायपीन तिनं पाहिली. हातातली कळशी खाली ठेवून तिनं पुन्हा उचलली. रेश्मानंही पाहिलं नसल्यासारखं केलं.

रेश्माचं माहेर शेवगावजवळ. नगरला गाडी बदलून ती भर दुपारी पोचली. भाऊ अजिनाथनं लॅपटॉप बघून दोन्ही हात जोडले. "आक्का, तू तर साहेबीन झालीस." आई साळूबाईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तिनं झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गार हाय गं." शेजारच्या बाया जमल्या. रेश्मानं त्यांना फोटो दाखवले, मराठीत त्यांची नावं टाईप करून दाखवली. सावकाश, एकेक अक्षर. इथं तिच्यापेक्षा झपझप हात चालवणारं कुणी नव्हतं. त्या तासाभरात लॅपटॉप पहिल्यांदा खऱ्या अर्थानं तिचा झाला.

तेवढ्यात फोन वाजला. मोनिकाचा. रेश्मा फोन घेऊन परसात गेली. काय बोलायचं ते तिनं गाडीतच ठरवलं होतं. 'अगं बाई, मला काय म्हाईत? आधी सांगायचं न्हाई व्हय?'

"पोचलात का ताई? चार्जर इथंच राहिलाय, भिंतीला. म्हणून केला फोन. बॅटरी अडीच तासांच्या वर जात नाही. काम झालं की बंद करून ठेवा, नाहीतर चारचौघांत अडचण व्हायची."

रेश्मा वाट बघत राहिली. आता मागेल. आता काकुळतीला येईल.

"ठेवू का मग?"

"थांब," रेश्माच्या तोंडून निघून गेलं. "तुझा त्यो फारम हुता ना आज?"

"तुम्हाला माहीत होतं?"

रेश्मा लिंबाच्या बुंध्याची साल नखानं उकरत राहिली.

"फोनवरून बघितलं करून," मोनिका म्हणाली. "फोटो, सही, सगळे दाखले लॅपटॉपात आहेत. जाऊ द्या ताई. निघेल परत कधीतरी."

तिच्या आवाजात राग असता तर रेश्मा भांडली असती. भांडायला ती तयारच होती. पण हे 'कधीतरी' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. गणितात गेली तेव्हा बाप म्हणाला होता, "बसशील की परत कधीतरी." नांदत्या घरात ते 'कधीतरी' कुठल्या दिवशी येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"फोन ठेवू नको," ती म्हणाली. "मी बसते. तू सांग."

अजिनाथच्या मोबाईलचं नेट जोडलं. बॅटरी चौतीस टक्के. मोनिकानं पासवर्ड सांगितला, रेश्मानं तो एका बोटानं टाकला. फॉर्म उघडला आणि मोनिकाचं सगळं आयुष्य पडद्यावर आलं. दहावी एक्याण्णव टक्के. बारावी सत्त्याऐंशी. पदवी पहिल्या वर्गात. रेश्मानं ते आकडे वाचले, पुन्हा वाचले. मोठ्या जावेच्या मायेनं तिनं पुढचं सगळं केलं असं कुणी म्हणेल. ते खरं नाही. ती जळतच होती, आणि जळता जळता एकेक रकाना भरत होती.

"सही चढवा आता. 'स्वाक्षरी' नावाची फाईल आहे."

चढेना. "फाईल मोठी आहे म्हणतोय," रेश्मा म्हणाली.

"अरे देवा. ती लहान करावी लागेल. असं करा, आधी तुम्ही..."

"थांब गं. ह्ये मला येतं."

आणि ते तिला खरंच येत होतं. कोर्समध्ये हा एकच धडा तिला पहिल्याच दिवशी जमला होता. कापड बेतण्यासारखाच प्रकार. चारी बाजूंनी जादा तेवढं छाटलं, आकार उतरवला, सही बसली. पलीकडून मोनिका "झालं?" म्हणाली. त्या आवाजातलं आश्चर्य ऐकून रेश्माला जरा बरं वाटलं.

दाखल्यांना वेळ लागला. नेट दोनदा गेलं. अजिनाथ मोबाईल हातात घेऊन पत्र्याच्या कडेला उभा राहिला, तेव्हा परत आलं. खालचा बॅटरीचा आकडा नऊवर आला, मग सहावर. शेवटी एक मोठं निळं बटण उरलं. त्याच्यावर लिहिलं होतं, की एकदा दाबल्यावर बदल करता येणार नाही.

रेश्माचं बोट त्यावर थांबलं. नाही दाबलं तरी कुणाला कळणार होतं? बॅटरी गेली म्हणायचं. खोटंही वाटलं नसतं.

"ताई? आहात ना?"

"हाय," रेश्मा म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

अर्जाचा नंबर आला. तिनं तो मोठ्यानं वाचला, मोनिकानं उतरवून घेतला. शेवटचा आकडा सांगितला आणि पडदा काळा झाला.

घरी आल्यावर त्या दिवसाबद्दल दोघी कुणाशी बोलल्या नाहीत. एकमेकींशीही नाही. मोनिका पूर्वीसारखीच "घेऊ का ताई?" विचारायची. फरक एवढाच, की आता ती रेश्माला शेजारी बसवून घ्यायची आणि म्हणायची, "हे तुम्ही करा, मी बघते." रेश्मा करायची. तरीही चुकलं की तिचा चेहरा पडायचा, आणि मोनिकाचं बरोबर आलं की जास्तच पडायचा.

सव्वा वर्षानं यादी लागली. मोनिकाचं नाव त्यात होतं. नेमणूक नगरला. गोजरबाईनं आळीभर पेढे वाटले. "धाकलीनं घराचं नाव काढलं," ती ज्याला त्याला सांगत होती, आणि रेश्मा मागं परात धरून चालत होती. कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं का तिनं? तिचं तिलाच ठरवता येईना. कुणी विचारलं नाही.

जायच्या दिवशी ओंकार सामान घेऊन टेम्पोनं आधीच पुढं गेला होता. मोनिकाला गाडीत बसवून द्यायला रेश्माच श्रीगोंद्याच्या स्टँडवर आली. सोमवारची गर्दी. गाडी लागली, पुढच्या पाटीवर 'अहिल्यानगर' बघून माणसं धावली. रेश्मानं कोपरं मारली, आत शिरली आणि खिडकीची जागा धरली. मोनिकाची पर्स मांडीवर घेऊन ती बसली. मोनिका अजून दाराशी अडकलेली होती.

खिडकीतून वारा आला. बाहेरून एक बाई रेश्माकडं बघत होती. जागा मिळालेल्या माणसाकडं बघतात तशी.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "बोला बाई, नगर का?"

रेश्मानं पर्स नीट धरली.

"नगरच."

"रोजच्या का? मग पासच काढा की. परवडतो नोकरीवाल्यांना."

कंडक्टरचं बोट मशीनवर थांबलं होतं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "माझी जाऊ. ती बघा, आली."

मोनिका घामाघूम होऊन सीटपाशी पोचली. रेश्मा उठली, पदरानं सीट पुसली, पर्स तिच्या हातात दिली.

"खिडकीकडं सर. पोचलीस की फोन कर."

आणि चढणाऱ्या माणसांना बाजूला सारत ती एकटीच खाली उतरली.