मूळ प्रत माझ्या पोटात होती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मनाचा फार कोता आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको.

१९९८ साली नागपुरात सुटे भाग जोडून मला तयार केलं आणि एसटीने आरमोरीला आणलं. माझा मालक प्रफुल हा मासेमारीच्या घरातला मुलगा. त्याच्या टायपिंगच्या दुकानात मी बसलो. तिथे त्याने 'पाणपाळी' नावाचा प्रोग्राम लिहिला. तलावाचं पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला, कोणत्या दिवशी द्यायचं, याची यादी तो काढून देई.

प्रफुलने तो कुलपात ठेवला नाही. कुणीही फुकट न्यावा, आतून उघडून पाहावा, सुधारावा. सुधारणा फ्लॉपीवर येत, कंडक्टरच्या हातून. पण त्यातली कोणती घ्यायची, हे ठरवायचा एकटा प्रफुल. तो पासवर्ड टाकी, तपासी आणि मगच ती माझ्या पोटातल्या मूळ प्रतीत घेई. गावोगावी लोक म्हणत, "आरमोरीची यादी म्हनजे पक्की." माझी छाती फुगून येई.

मग सावली गावाहून दामिनीच्या फ्लॉप्या येऊ लागल्या. ती तिथे मुलांना संगणक शिकवायची. तिची सुधारणा वाचून प्रफुल मोठ्याने "वा!" म्हणायचा. मी सहा वर्षं राबलो, मला एकदाही "वा" मिळालं नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मनात म्हणायचो, हिचा हात माझ्या मूळ प्रतीला कधी न लागो.

आणि झालं तसंच. त्या वर्षी पाऊस कमी, तलाव अर्धा, धान गर्भात आलेलं, आता पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही. सावलीची यादी छापून गेली आणि लगेच प्रफुल मलेरियाने गडचिरोलीच्या दवाखान्यात पडला. दामिनीला दिसलं की यादीत तिथले शेतकरी चैतूभाऊ यांची बांधी नाहीच. प्रोग्राम पन्नास बांध्यांपुढे मोजत नव्हता आणि त्याच वर्षी नव्याने नाव दिलेले चैतूभाऊ एक्कावन्नावे होते. तिने स्वतःच्या प्रतीत चूक दुरुस्त केली, नवी यादी छापली. पण पाणी थोडं, आपला दिवस सोडणार कोण? लोक म्हणाले, "आरमोरीची यादी नाई, त आमी नाई मानत."

ती धावत आरमोरीला आली. प्रफुलची आई, चंदाबाई, हिने दुकान उघडून दिलं. दामिनी माझ्यापुढे बसली. मी पासवर्ड मागितला. तो फक्त प्रफुलला ठाऊक, आणि प्रफुल तापात बरळत होता. ती तशीच परत गेली. खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद झाला.

चैतूभाऊच्या लोंब्या पोचट निघाल्या. वर्षाचं धान गेलं. दोन पोचट लोंब्या घेऊन ते दुकानात आले, माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेले.

बरा झालेला प्रफुल खाली मान घालून बसला होता. चंदाबाई म्हणाली, "तलावाच्या गेटाची चावी आपन कधी एकाच घरी ठेवतो का रे? घरवाला गावाले गेला, त धान का त्याची वाट पाह्यते? मंग याची चावी तू एकटाच काऊन धरून बसला?"

प्रफुलने त्याच दिवशी दामिनीला आणि प्रोग्राम जाणणाऱ्या आरमोरीच्याच निकेशला बोलावलं. नवा नियम झाला. तिघे राखणदार, दोघांचं जुळलं की सुधारणा आत. मूळ प्रत तिघांकडे, आणि हे गावोगाव कळवायचं. दामिनी म्हणाली, "प्रफुलभाऊ, तुमचीबी चूक आमी काढू बरं का!" प्रफुल हसला. मी आतल्या आत पेटलो.

२००७ साली माझी हार्ड डिस्क बसली. मला वाटलं, आता कळेल यांना! पण सगळं दामिनीकडे होतं. पाळ्या ठरल्या दिवशी सुटल्या, चैतूभाऊच्या बांधीचीसुद्धा.

आता मी दुकानाच्या माळ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या हाती कधी चारचौघांच्या कामाची चावी आली, तर आधी तिची दुसरी करून घ्या आणि दुसऱ्याला द्या. खाली दामिनीचा आवाज आला की मला अजून राग येतो. मग त्या दोन लोंब्या आठवतात आणि मी गप्प बसतो.