डाव्या कोपऱ्यातला माणूस

मला मत कुणी विचारत नाही. तरी मी देतो. अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा सीझन सुरू झाला की रोज सकाळी देतो, कारण तिकडची रात्रीची मॅच आपल्याकडं सकाळी दिसते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मी, संघपाल शिवशरण, पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, वय सेहेचाळीस, तिकडच्या अब्जाधीश मालकांना अक्कल शिकवत बसलेला.

"ह्याला दिला आणि त्याला घेतला? मेंदू गहाण ठेवलाय काय ह्यांनी?" मी ओरडतो.

"अहो, त्यांच्या मेंदूचं ते बघतील. तुम्ही गॅसवरचं दूध बघा," चैताली म्हणते. चैताली माझी बायको. दूध उतू जायचं ते जातंच.

दोन गोष्टींवर माझं मत लई पक्कं. एक म्हणजे सीझनच्या मध्यात खेळाडूंची अदलाबदल करायची तर भावना बाजूला ठेवायची. गुडघे गेले की माणूस सोडायचा. दहा वर्षं खेळला म्हणून काय त्याला हार घालून बसवायचं? आणि दुसरं, ऑल-स्टारची, म्हणजे सगळ्या टीममधल्या निवडक खेळाडूंची टीम लोकांच्या मतांवर निवडायची नाही. लोकांना काय कळतंय! लोक चेहरा बघून मत देतात.

ही मतं घरात राहिली असती तर दुधावरच भागलं असतं. पण आमची रविवार सकाळची लीग आहे. पस्तिशीच्या पुढचे, पोटं सुटलेले लोक, सहा टीम आणि कॉलेजच्या मागचं सिमेंटचं कोर्ट. माझी टीम सम्राट क्लब. कॅप्टन विरेश हत्तुरे, माझा शाळेपासूनचा दोस्त, टॉवेल-चादरीचा दुकानदार. शाळेपासून आमचा डाव एकच. विऱ्यानं बॉल घेऊन आत घुसायचं, तिघा-चौघांना अंगावर घ्यायचं आणि न बघता डाव्या कोपऱ्यात पास टाकायचा. डाव्या कोपऱ्यात मी. मी आहे का, हे विऱ्या वळून कधी बघत नाही. मी असतोच. दुसरीकडं पळायला गुडघे तरी कुठं आहेत?

तर ह्या लीगला अमेरिकेसारखी शिस्त लावायची असं मी मनावर घेतलं. लीगच्या मीटिंगमध्ये उभा राहून इतका बोललो की चहावाला ग्लास गोळा करून निघून गेला. मिड-सीझन अदलाबदलीचा नियम मी आणला. मुदतही मीच ठरवली: जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत. त्यानंतर सीझन संपेस्तोवर कुणी कुठं जायचं नाही. "मुदत म्हणजे मुदत, नाहीतर शिस्त काय राहिली?" हे माझेच शब्द.

ऑल-स्टारची कल्पनाही माझीच. पण तिथं माझं कुणी ऐकलं नाही. घरच्या मंडळींसकट सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मतं द्यायला लावली. निकाल लागला आणि मी सगळ्यांत खाली. दिवाळीपासून ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे त्या माणसालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त मतं.

"एकच मत पडलंय मला," मी घरी येऊन म्हटलं. "निदान तू तरी दिलंस."

"मी विरेशभावजींना दिलं," चैताली म्हणाली. "तुम्हीच म्हणाला की, चेहरा बघून देऊ नका."

ते एक मत माझं स्वतःचं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी विऱ्याबरोबर गड्ड्यावर गेलो. जत्रा संपत आलेली, तरी पाळण्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. एका गाड्यावर बटाटेवडा खात उभे होतो. विऱ्यानं वड्याबरोबरची मिरची बाजूला काढली. मग म्हणाला, "संग्या, तुझं मत पाहिजे एका गोष्टीवर."

अहाहा! कान तृप्त झाले. "विचार की बे!"

"समज, एक खेळाडू आहे. जुना. बाहेरून नेम बरा आहे त्याचा. पण पळत नाही. डिफेन्सला नुसता उभा राहून हात हलवतो, एसटीला टाटा केल्यासारखे. रेफरीशी भांडतो. वेळेवर येतो मात्र."

"वेळेवर तर वॉचमनही येतो. पुढं बोल."

"त्याच्या बदल्यात सहा फुटी गडी मिळतोय. रिंगवरून उडालेला एक रिबाउंड सोडत नाही. पण हा जुना माणूस लई वर्षांचा आहे रे. दोस्तच म्हण."

मी वडा खाली ठेवला. असलं ऐकलं की माझं टाळकं फिरतं. "विऱ्या, हे बघ, सगळी टीम इथंच मरते! दोस्ती गेली खड्ड्यात! असल्या माणसाला इतके दिवस ठेवला कशाला? द्यायचा. आजच्या आज द्यायचा. आणि समोरचा घ्यायला कांकूं करत असेल, तर वर बॉलमध्ये हवा भरायचा पंप द्यायचा, पण द्यायचा!"

"नक्की?"

"स्टॅम्पपेपरवर लिहून देतो."

विऱ्यानं दोघांच्या वड्याचे पैसे दिले. माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालेलं. अमेरिकेतल्या कुठल्या टीमचा असेल हा खेळाडू? घरी पोचेपर्यंत मी तीन नावं काढली आणि ती चैतालीला सविस्तर समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, डिफेन्सला तुम्ही हात कसे हलवता?"

मी हलवून दाखवले.

"बरं," ती म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला. सम्राट क्लबकडून संघपाल शिवशरण, डेपो इलेव्हनकडं. डेपो इलेव्हनकडून मल्लिकार्जुन, सम्राट क्लबकडं. संघपालसोबत एक पंप.

मी विऱ्याला फोन लावला. नुसतं "काय बे?" म्हटलं.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. कपाळ!

मला लई लागलं. उगाच मोठेपणा कशाला सांगू? दोन दिवस मी मॅच बघितली नाही. घरात दूध उतू गेलं नाही, तेव्हा चैतालीलासुद्धा काळजी वाटली. एवढ्या वर्षांत मी विऱ्याच्या दुकानात विचारून कधी बसलो नाही, गल्ल्यामागच्या स्टुलावर जाऊन बसायचो. आता त्या रस्त्यानं जाताना मी पलीकडच्या फुटपाथनं जायला लागलो. मला एकच गोष्ट पाहिजे होती. विऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं की चुकलं, तुला द्यायला नको होतं.

डेपो इलेव्हन म्हणजे एसटीची मंडळी. बास्केटबॉलला पाच जण लागतात, पण जर्सी क्रिकेटच्या टीमच्या उरलेल्या, त्यामुळं नाव इलेव्हन. कॅप्टन धनाजी, मंगळवेढ्याकडचा, डेपोत मेकॅनिक. त्यानं माझं स्वागत मात्र प्रेमानं केलं.

"या साहेब. तुमी लई बोलता म्हणून ऐकलंय. बोला बिनधास्त, हितं इंजनाच्या आवाजात आमाला काय ऐकू येत न्हाय."

आणि त्याच रविवारी आमची मॅच सम्राट क्लबशी पडली.

मी नव्या जर्सीत, पाठीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. विऱ्या समोरून आला, माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत हात मिळवला आणि गेला. बरं तर बरं, मी म्हटलं, आज दाखवतोच. पण दाखवायचं तरी काय? मल्लिकार्जुन दर रिबाउंड असा काढत होता, जसा फळीवरचा डबा काढावा. विऱ्याचा सौदा चोख होता, हे मला वीस पावलांवरून दिसत होतं, कारण असल्या गोष्टी मला कळतात. तेच तर दुखणं! तरी माझे दोन नेम लागले. दोन्ही वेळा मी विऱ्याकडं बघितलं. दोन्ही वेळा तो बुटाची नाडी बांधत होता.

एसटीवाले मात्र पळाले. इतके पळाले की शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणानं पुढं होतो. सम्राटचा शेवटचा हल्ला. हा अडवला की विऱ्याला त्याच्या सहा फुटी गड्यासकट घरी पाठवायचं.

"साहेब, आत या की! तितं कोपऱ्यात काय ठिवलंय?" धनाजी ओरडला.

मी बघितलं तर मी डाव्या कोपऱ्यात उभा. पाय आपोआप गेलेले. आत यावं म्हणून वळणार, तेवढ्यात विऱ्या बॉल घेऊन घुसला. तिघांनी त्याला कोंडला. मल्लिकार्जुन पलीकडं मोकळा होता, हात वर करून. विऱ्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यानं नेहमीसारखा, न बघता, डाव्या कोपऱ्यात पास टाकला.

बॉल माझ्या हातात आला. आणि मी मारला.

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला कुणी कुणाला दिलेलं नव्हतं. विऱ्यानं टाकला, मी मारला, एवढंच. बॉल हातातून सुटला तेव्हाच मला कळलं, जातोय. वेळ संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा तो हवेत होता, आणि मग जाळीतून सळसळ करत आत गेला. मी हात वर करून ओरडलो. माझ्याबरोबर अख्ख्या कोर्टावर आणखी कुणीच ओरडलं नाही. धनाजीनं डोक्याला हात लावला होता. मग मी माझ्या जर्सीकडं बघितलं.

सुंदरम्मा मॅडम चालत आल्या. आमच्या लीगच्या रेफरी, शाळेत पी.टी. शिकवतात, त्यांच्यापुढं मोठमोठे बापे सरळ रांगेत उभे राहतात.

"शिवशरण सर, नियम ऐका. स्वतःच्याच बास्केटमध्ये चुकून बॉल टाकला तर दोन गुण, समोरच्या कॅप्टनच्या नावावर. मुद्दाम टाकला तर तो बास्केट धरायचा नाही. निर्णय मी देणार, पण तुमच्या डोक्यात शिरून मला बघता येत नाही. मुद्दाम टाकला का चुकून?"

म्हणजे मुद्दाम म्हटलं की डेपो एका गुणानं जिंकणार. चुकून म्हटलं की हरणार. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असणारा मी, आणि मला उत्तर सुचेना.

तेवढ्यात विऱ्या पुढं झाला. "मुद्दाम टाकला, मॅडम. मी बघितलं. बास्केट धरू नका."

"काय?" माझं टाळकं फिरलं. "मुद्दाम? म्हणजे मी माझ्या टीमला दगा दिला? काय बोलतोस बे?"

"शाळेपासून बघतोय ह्याला. हा चुकून कधी मारत नाही, मॅडम."

"मारतो! चुकून मारला! शंभर टक्के चुकून!" मी आता मॅडमसमोर हातवारे करत होतो. "कुणाकडून खेळतोय ह्याचं मला भानच नव्हतं! चुकूनच लिहा! आणि रेषेच्या बाहेरून मारलाय, तीन द्या!"

"नियमात दोनच आहेत," मॅडम म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली. सम्राट एका गुणानं विजयी. दोन गुण विरेश हत्तुरेच्या नावावर.

मी छाती काढून विऱ्याकडं बघितलं. तर हा जिंकलेला माणूस तोंड पाडून उभा.

"गप्प राहिला असतास तर जिंकला असतास की बे," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा मला मॅच देत होता. आणि मी भांडून ती परत केली. नशीब म्हणावं का तोंड म्हणावं, काय म्हणावं ह्याला?

धनाजी घाम पुसत आमच्याजवळ आला. मला वाटलं, आता दोन शिव्या बसणार. पण तो विऱ्याला म्हणाला, "हत्तुरेशेठ, ह्यो मानूस आमच्यात ऱ्हायलाय कुटं? ह्यो तुमचाच हाय. घिऊन जावा. आमचा मल्लू द्या. आन् त्यो पंपबी परत न्या."

मग सगळे कोर्टाच्या कडेला चहाला बसले. विऱ्या येऊन माझ्याजवळ टेकला. एवढे दिवस घशात अडकलेलं मी शेवटी विचारलं. "विऱ्या, मला दिलंस ते मुद्दाम का चुकून?"

त्यानं ग्लासातली साय बोटानं बाजूला केली. "दिलं ते मुद्दाम. टीमसाठी. तूच म्हणालास, आणि बरोबरच म्हणालास." मग फुंकर मारली. "पास टाकला तो चुकून. मल्लू मोकळा होता, दिसत होता मला. हातच तिकडं गेला. तुझ्याशिवाय करमत नाही बे संग्या."

मी मान हलवली.

"ये की परत," तो म्हणाला. "गड्डा संपला, मुदत गेली, मला माहीत आहे. पण नियम तुझाच आहे. मुदत वाढवून घे मीटिंगमध्ये. धनाजीपण तयार आहे."

आणि काय सांगू, माझी पाठ आपोआप ताठ झाली, बोट वर झालं. मुदत म्हणजे मुदत, विऱ्या, असे अपवाद करत बसलो तर लीगची शिस्त काय राहिली, भावनेपायी नियम... सगळं भाषण ओठांवर आलं. विऱ्या माझ्या बोटाकडं बघत होता. त्याच्या तोंडावर भीती होती, खरीखुरी.

मी तेच बोट ग्लासाला लावलं आणि ते मत चहाबरोबर गिळून टाकलं. चहा कढत होता, घसा पोळला.

"वाढवतो," मी म्हटलं.