कड्याबाहेरची कड

शाळेच्या व्हरांड्यात सहा वर्षं बुनलर्तने काढलेलाच फोटो होता: कुंभ राशीतला तेजोमेघ. मरत्या ताऱ्याने फेकलेल्या वायूचं कडं, मागे काळंभोर आकाश. यंदा शाळेत जमणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात त्या जागी कन्निकाने काढलेला फोटो लावायची गोष्ट निघाली. ही गल्लीतली दातांची डॉक्टर. हिची दुर्बीण त्याच्या निम्मी, तीही कपड्यांच्या दोरीखाली मांडलेली. पण तिच्या फोटोत कड्याबाहेर आणखी एक फिकट, विरलेली कड होती.

बुनलर्तने तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"खोटी आहे ही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "यी पेंगच्या सणातले फोटो आहेत यात; त्या आठवड्यात आकाशात कंदील सोडतात, त्यांचा उजेड आलाय."

"लुंग, कंदील काय माझ्यासाठी फेर धरून उभे होते?" कन्निका म्हणाली. वडीलधाऱ्यांना ती लुंग, म्हणजे काका, म्हणे.

सगळे हसले. ते त्याला जास्त झोंबलं. "पुढच्या रविवारी सिद्ध करतो."

घरी त्याने त्याच तेजोमेघाचे स्वतःचे ऑक्टोबरातले फोटो शोधून काढले. तेव्हा कंदील नव्हते. त्यांत कड नसली की संपलं. अंधुक तेही उठून दिसावं म्हणून एकशे चौदा फोटो संगणकाने एकावर एक रचले. एरवी तो लगेच मागचं आकाश काळं करून टाकी; धुरकट काही राहिलेलं त्याला खपत नसे. आज केलं नाही.

कड होती. कन्निकाच्या फोटोतल्यापेक्षा ठसठशीत.

"अगदी मंडळात पाहिलेल्या त्या पोरीच्या फोटोसारखं," चिकट भाताची टोपली ठेवत बायको म्हणाली. "आधी का नाही दाखवलंत?"

"घाण समजून पुसत होतो."

"सहा वर्षं? अहो, मग आता हाच लावा. तुमचाच चांगला आहे."

तेच त्याच्या मनात होतं. रविवारी तो मोठा छापलेला फोटो गुंडाळून, काखेत मारून शाळेत गेला.

कन्निका आज हसत नव्हती. "लुंग, सणातल्या रात्रींचे फोटो वगळून पुन्हा रचून पाहिलं, तरी कड राहतेच. पण तुम्ही म्हणालात, म्हणजे माझंच काही चुकलं असेल. मी नेते माझा फोटो."

"कड खरी आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

आता दाखवणं भाग होतं. त्याने गुंडाळी उलगडली. "माझ्यातही होती. मी पुसत आलो."

"हा तर जास्त स्पष्ट आहे!" मुख्याध्यापक म्हणाले. "हाच लावू या."

बुनलर्तने आपला फोटो पुन्हा गुंडाळला. "नको. तिला आधी दिसली."

स्टुलावर चढून त्याने आपला जुना फोटो उतरवला, तिचा टांगला. जरा तिरका लागला. तो सरळ करायला हात पुढे गेला, क्षणभर थांबला. मग फोटो तसाच तिरका ठेवून तो खाली उतरला.