आधी आई, मग आपण

सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, म्हणून माझे थोरले दीर देचिंग हे चांगशा शहरातून केक, फुगे आणि भाषण घेऊन गावी आले. स्वयंपाक मात्र पहाटेच पलीकडच्या आमच्या घरून येऊन मी करत होते. ठेचलेल्या लाल मिरच्यांतला अख्खा मासा, धुरावर सुकवलेलं डुकराचं मांस, दीर्घायुष्यासाठी वाढदिवसाला करतात त्या लांबलचक शेवया. भाऊजींनी फुगे फुगवले आणि दमून खुर्चीत बसले.

आईंना गोल टेबलाशी दाराकडे तोंड करून बसवलं. वडीलधाऱ्यांनी चॉपस्टिक्स उचलेपर्यंत आमच्यात कुणी जेवणाला हात लावत नाही. आज आईच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही, असं भाऊजींनी सगळ्यांना बजावलं. मग त्याच दमात, आईला न विचारता, जाहीर केलं की पुढच्या आठवड्यापासून ती चांगशाला त्यांच्याकडे राहील आणि या घराला कुलूप लागेल. जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी साथ दिली.

आईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नुसत्या बसून राहिल्या.

आधी वाटलं, भारावल्या असतील. पण माशावरची वाफ गेली, शेवयांचा गोळा झाला. माझा जीव नुसता तुटत होता. जाऊबाईंनी लिफ्ट, नळाला गरम पाणी, कोपऱ्यावरचा दवाखाना, सगळं पुन्हा ऐकवलं. आईंचे हात मांडीवरून हलले नाहीत. भाऊजी म्हणाले, मान ठेवून झाला, आता सुरुवात करायला हरकत नाही. तेव्हा भुकेनं आधीच तापलेले मामा, आईंचे धाकटे भाऊ, कडाडले, "मोठा साहेब झालास म्हणून आईच्या आधी जेवणार?"

भाऊजींनी हात मागे घेतला. मग, कधी नव्हे ते, त्यांनी विचारलं, "आई, तुझ्या मनात काय आहे?"

"मी इथंच राहणार. सगळ्यांसमोर हो म्हण."

भाऊजींनी माशाकडे पाहिलं, मग मामांकडे. "बरं. राहा इथंच."

आईंनी चॉपस्टिक्स उचलल्या आणि टेबलावर एकच झुंबड उडाली. भाऊजी तेवढे जेवेनात. हिरमुसून म्हणाले, "माझ्याकडे तुला काय कमी पडलं असतं?"

आईंनी माशाचा मऊ तुकडा त्यांच्या वाटीत घातला.

"काही नाही रे. मागच्या हिवाळ्यात होतेच की तुझ्याकडे. रोज टेबल मांडून तुम्हा सगळ्यांची वाट बघत बसायचे. आज पहिल्यांदा तू माझ्यासाठी थांबलास. जेव आता, गार झालंय."